स्विचला जोडलेला दांडा

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला एक जुनं, जड कुलूप होतं. मी एकतीस वर्षांची असताना एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, की सकाळी त्याची किल्ली मला फिरवता येत नाही. बोटांचे सांधे सुजलेले असत, मूठ वळत नसे. साडेनऊ-दहाच्या सुमारास तीच बोटं बरीच मोकळी होत. त्यामुळे दुपारी शिक्षकखोलीत मला पाहणाऱ्या कुणालाही, या बाईंना काही झालं आहे, असं वाटत नसे. पुढे तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं: आमवात.

कॉलेज सकाळी सव्वासातला भरायचं आणि प्रात्यक्षिकांची पहिली तुकडी माझ्याकडे असायची. ती दहानंतर घेता येईल का, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "झेपत नसेल तर रजा घ्या, बाई." रजेनं हा आजार जात नाही, तो आता कायमचा सोबती आहे, हे सांगायचं धाडस तेव्हा झालं नाही. राजीनामा मात्र मी लिहून पर्समध्ये ठेवला होता.

तो द्यायचा राहिला, याला दोन कारणं झाली. पहिलं म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले परिचर मामा. त्यांनी एक दिवस काही न बोलता किल्लीच्या भोकात चार इंची खिळा आडवा अडकवून दिला. दुसरं कारण म्हणजे डोरोथी हॉजकिन. १९६४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञ बाई वयाच्या विशी-तिशीपासून याच आजाराच्या रुग्ण होत्या, हे मी त्याच सुमारास वाचलं.

त्यांची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती साधारण अशी: आजार मोठा, पण इच्छाशक्ती त्याहून मोठी, म्हणून नोबेल! ही गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी आपल्यासारख्या शिक्षकांच्या अधिक उपयोगाची आहे. तीच इथे सांगायची आहे.

आमवात म्हणजे काय?

म्हातारपणी गुडघे दुखतात तो बहुतेक वेळा झिजेचा संधिवात असतो. सांध्यातली कूर्चा वापरानं आणि वयानं झिजते. आमवाताचं तसं नाही. आपल्या शरीराची प्रतिकारयंत्रणा बाहेरून आलेल्या जंतूंशी लढते. आमवातात ही यंत्रणा चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारची कूर्चा आणि हाड पोखरू लागतं. सुरुवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते, आणि दोन्ही बाजूंना सारखीच.

दाह निर्माण करणाऱ्या रसायनांचं रक्तातलं प्रमाण पहाटेच्या सुमारास वाढतं. म्हणून सकाळी सांधे आखडलेले असतात. ही आखड अर्धा-एक तास किंवा त्याहूनही जास्त टिकते. शिवाय दाह फक्त सांध्यांपुरता राहत नाही. अंगात बारीक ताप असल्यासारखा थकवा असतो, आणि तो झोपेनं पुरता जात नाही. आजार कधी महिनोन्महिने शांत राहतो, तर कधी अचानक उसळतो. बाहेरच्याला नेमकी हीच गोष्ट समजायला कठीण जाते: काल जमत होतं, मग आज का नाही?

स्त्रियांमध्ये आमवाताचं प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असतं. गरोदरपणात पुष्कळ जणींचा आजार शांत होतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा उसळतो. म्हणजे नोकरी, संशोधन आणि लहान मूल हे सगळं एकदम अंगावर येतं, त्याच वयात हा पाहुणाही येऊन बसतो. डोरोथींच्या बाबतीत हेच झालं.

त्यांचं काम हातांचं होतं

त्यांचं काम काय होतं, हे कळल्याशिवाय आजारानं काय केलं ते कळणार नाही. म्हणून आधी एक सोपा प्रयोग करून पाहू.

रात्री दूरवरच्या, लहान पण प्रखर दिव्याकडे उघड्या छत्रीच्या कापडातून पहा. एका दिव्याऐवजी प्रकाशठिपक्यांची फुलीसारखी नक्षी दिसेल. छत्री दांड्याभोवती हळूहळू फिरवा, नक्षीही फिरेल. कापड जितक्या बारीक विणीचं, तितके ठिपके एकमेकांपासून दूर. म्हणजे धागे डोळ्यांना दिसत नसले, तरी ठिपक्यांवरून विणीचा अंदाज बांधता येतो. प्रकाशाच्या या गुणधर्माला विवर्तन म्हणतात.

स्फटिकात अणूंची अशीच, पण तिन्ही दिशांना पसरलेली वीण असते. ती इतकी बारीक असते, की साध्या प्रकाशाची तरंगलांबी तिथे फार मोठी पडते. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र अणूंमधल्या अंतरांएवढी असते. म्हणून स्फटिकातून क्ष-किरण सोडले, की फोटोफिल्मवर ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपक्याची जागा आणि त्याचा ठसठशीतपणा मोजून, मग आकडेमोड करून रेणूत कोणता अणू कुठे आहे ते शोधायचं. डोरोथींचं आयुष्यभराचं काम हे होतं.

त्या काळी यातली प्रत्येक पायरी हातांनी करायची असे. मिलिमीटरच्या अंशाएवढा स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहत काचेच्या बारीक तंतूवर चिकटवायचा, नाहीतर केसासारख्या नळीत बसवायचा. ऑक्सफर्डला त्यांची जागा विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत होती. तिथे खिडकी उंचावर, म्हणून सूक्ष्मदर्शकही वरच्या सज्जात. स्फटिक जपत जिन्यानं वर जायचं आणि तो बसवून पुन्हा खाली यायचं. मग फिल्मवरच्या ठिपक्यांचा ठसठशीतपणा डोळ्यांनी जोखायचा, आणि छापील आकड्यांच्या पट्ट्या वापरून हजारो बेरजा करायच्या.

१९३४ आणि १९३८

डोरोथी क्रोफूट यांचा जन्म १२ मे १९१० रोजी कैरोत झाला. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकल्या आणि १९३२ साली संशोधनासाठी केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेल्या. १९३४ साली तिथे पेप्सिन या पाचक प्रथिनाचे स्फटिक आले. स्फटिक द्रावातून बाहेर काढून सुकू दिला की त्याची रचना मोडते, हे बर्नाल यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो द्रावासकट काचेच्या नळीत ठेवून फोटो घेतला, आणि प्रथिनाच्या स्फटिकाचं पहिलं स्पष्ट विवर्तनचित्र मिळालं. प्रथिनांच्या रेणूंनाही नेमका आकार असतो, हे त्यातून दिसलं.

त्या दिवशी डोरोथी प्रयोगशाळेत नव्हत्या. हात दुखतात म्हणून आईवडील त्यांना लंडनला तज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. परत आल्यावर मात्र या कामात त्यांचा पूर्ण वाटा होता, आणि त्या वर्षीच्या 'नेचर'मधल्या निबंधावर बर्नाल यांच्याबरोबर त्यांचंही नाव आहे. दीर्घ आजाराच्या माणसाला हा अनुभव ओळखीचा वाटेल: नेमक्या महत्त्वाच्या दिवशी आपण दवाखान्याच्या बाकावर बसलेले असतो.

त्याच वर्षी त्या ऑक्सफर्डला परतल्या. १९३७ साली थॉमस हॉजकिन यांच्याशी लग्न झालं, १९३८ साली पहिला मुलगा लूक जन्मला. बाळंतपणानंतर आमवाताचा जोरदार झटका आला. अंगावरचे कपडे घालणंसुद्धा अवघड व्हावं, असा हा आजार असतो. त्या बक्स्टन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी काही आठवडे उपचारांसाठी राहिल्या. तेव्हाच्या प्रचलित उपचारांप्रमाणे त्यांना सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं दिली गेली. दाह ओसरला, पण सांध्यांची झालेली हानी भरून येत नाही. बोटं वाकडी झाली ती कायमची.

दांडा

परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की क्ष-किरण यंत्राचा मुख्य स्विच आपल्याला ओढता येत नाही. मग काय केलं? स्विचला एक लांब दांडा जोडला. गोष्ट एवढीच.

शाळेत आपण तरफ शिकवतो. फिरवण्याचा परिणाम बल आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. अंतर पाचपट केलं, तर बल पाचव्या हिश्शानं पुरतं. माझ्या किल्लीचं डोकं मधल्या दांडीपासून एक सेंटिमीटर बाहेर येत होतं, खिळा पाच सेंटिमीटर. म्हणून जी किल्ली मला मुठीनं फिरत नव्हती, ती दोन बोटांनी फिरू लागली. माझ्या बोटांत काहीच सुधारणा झाली नव्हती. बदललं होतं ते कुलूप आणि बोटं यांच्यामधलं अंतर.

डोरोथींच्या आयुष्यात असे आणखी काही 'दांडे' होते. ते धातूचे नव्हते, म्हणून सहसा मोजले जात नाहीत.

पहिला, कॉलेजचा. त्या सॉमरव्हिलच्या फेलो होत्या. लग्न झालं, मूल झालं म्हणून त्यांना जागा सोडावी लागली नाही. त्या काळात ब्रिटनमध्ये लग्नानंतर अनेक शिक्षिकांना नोकरी सोडावी लागत असे, हे लक्षात घेतलं की याचं मोल कळतं. कॉलेजनं त्यांना बाळंतपणाची भरपगारी रजाही दिली.

दुसरा, घरचा. थॉमस बरीच वर्षं प्रौढशिक्षणाच्या कामासाठी दूरगावी असत आणि शनिवार-रविवारी घरी येत. लूकनंतर १९४१ साली एलिझाबेथ आणि १९४६ साली टोबी जन्मला. मुलांना सांभाळायला आणि घरकामाला मदतनीस बायका होत्या. हे सांगायला संकोच वाटू नये. आपल्याकडे हा आजार असलेली शिक्षिका घरी जाऊन त्याच बोटांनी कणीक मळते. दिवसभरात शक्तीचा जो साठा असतो तो एकच असतो, पोळ्या आणि पाठाची तयारी या दोन्हींना त्यातूनच वाटा द्यावा लागतो.

तिसरा, सहकाऱ्यांचा आणि यंत्रांचा. पेनिसिलिनवर १९४२ पासून काम सुरू झालं, त्यात बार्बरा लो ही त्यांची विद्यार्थिनी होती, उद्योगक्षेत्रातले चार्ल्स बन होते, आणि आकडेमोडीसाठी छिद्रांच्या कार्डांवर चालणारं हॉलरिथ यंत्र होतं. १९४५ साली बेंझिलपेनिसिलिनच्या ४१ अणूंची मांडणी हाती आली. तीन कार्बन आणि एक नायट्रोजन यांचं चौकोनी कडं त्यात निघालं. इतकं ताणलेलं कडं असणं शक्य नाही, असं काही मोठ्या रसायनशास्त्रज्ञांचं मत होतं. पुढे बी-१२ जीवनसत्त्वाच्या १८१ अणूंचं कोडं १९५६ पर्यंत सुटलं. त्याची बरीच आकडेमोड लॉस एंजेलिसमध्ये केनेथ ट्रूब्लड यांनी संगणकावर केली. आकडे आणि उत्तरं पत्रांनी आणि तारांनी जात-येत. पट्ट्यांवरच्या बेरजा अशा रीतीनं हातांवेगळ्या झाल्या.

चौथा दांडा वेळेचा. इन्शुलिनच्या स्फटिकाचा पहिला फोटो त्यांनी १९३५ साली प्रसिद्ध केला. त्याची रचना उलगडली १९६९ साली! मध्ये चौतीस वर्षं गेली. ५१ अमिनो आम्लांच्या या रेणूसाठी आधी पद्धती आणि संगणक तयार व्हावे लागले. १९६० पासून रॉयल सोसायटीची संशोधन-प्राध्यापकाची जागा त्यांच्याकडे होती, त्यामुळे दर वर्षी काय दाखवलं, या हिशेबाचा धाक नव्हता. १९६९ च्या त्या निबंधावरच्या नावांमध्ये एम. विजयन हे भारतीय नावही आहे. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजयन यांनी प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची परंपरा उभी केली.

सगळंच अनुकूल होतं, असं मात्र नाही. ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या ज्या मंडळात संशोधनाच्या चर्चा चालत, तिथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. महायुद्ध संपेपर्यंत विद्यापीठाची पक्की जागा त्यांना मिळालेली नव्हती. म्हणजे आजाराच्या अडचणीला उपाय सापडले, पण स्त्री असण्याच्या अडचणीला वेळ लागला. या दोन अडचणी आयुष्यात वेगवेगळ्या येत नाहीत. बाई आजारी असेल तर 'बायकांना हे झेपतच नाही' याला लोकांना पुरावा मिळतो, आणि त्या धाकानं बाई आजार लपवते.

औषधं आणि वेळ

डोरोथींच्या उमेदीच्या काळात ॲस्पिरिन, शेक आणि सोन्याचे क्षार एवढंच हाती होतं. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन प्रथम एका आमवाताच्या रुग्ण स्त्रीला दिलं. गरोदरपणात आणि काविळीत आमवात शांत होतो, या निरीक्षणापासून त्यांचा शोध सुरू झाला होता. १९५० सालच्या वैद्यकाच्या नोबेलचे ते एक मानकरी होते. १९८० च्या दशकात मेथोट्रेक्सेटची अल्प मात्रा रूढ झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाह घडवणाऱ्या नेमक्या रेणूला अडवणारी जैविक औषधं आली. आज आजार लवकर ओळखून उपचार सुरू झाले, तर बोटं वाकडी होण्याची वेळ पुष्कळांवर येत नाही. पण झालेली हानी आजही मागे फिरत नाही. म्हणून 'लवकर' या शब्दाला महत्त्व आहे.

इथे शाळेचा संबंध येतो. संधिदाह मुलांनाही होतो, अगदी बालवाडीच्या वयातसुद्धा. सकाळी लंगडत येणारी, पहिल्या तासाला अक्षर बिघडणारी आणि मधल्या सुट्टीत मात्र खेळणारी मुलगी ढोंग करते, असं आपण चटकन म्हणतो. प्रत्यक्षात ती या आजाराचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण असू शकते. असं काही आठवडे दिसलं, तर पालकांना डॉक्टरांकडे जायला सांगा. मुलांच्या काही प्रकारांत डोळ्याच्या आतही दाह होतो आणि तो दुखत नाही, म्हणून डोळ्यांची तपासणीही लागते. एक जादा अडचण म्हणजे, मुलीचा आजार घरचे लोक पुढच्या लग्नाच्या काळजीनं लपवतात. तेव्हा जे कळेल ते शिक्षकखोलीत बोलायचं नाही, हे पथ्य आपण पाळायला हवं.

आपल्या वर्गातले दांडे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही आहेत. आमवाताचं नाव त्यात वेगळं नाही, पण त्यामुळे हालचालीत अपंगत्व आलं तर ते त्यात बसतं. शिकणाऱ्याला आणि सरकारी आस्थापनांत काम करणाऱ्याला गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, असं हा कायदा सांगतो. पण प्रमाणपत्रापर्यंत न पोचलेले आजार कितीतरी असतात, आणि बहुतेक सोयींना कायदा लागतही नाही. विदर्भात किंवा नंदुरबारकडे शिकवणाऱ्यांना सिकलसेलची मुलं माहीत असतील. त्यांना तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवू देणं आणि थंडीत बाहेरच्या कवायतीतून मोकळीक देणं, हा एक दांडा आहे. इन्शुलिन घेणाऱ्या मुलीला साखर उतरल्यासारखी वाटताच भर वर्गात काही खाता येणं, हा दुसरा. उभं राहून शिकवणं जड जाणाऱ्या सहकारी बाईंना तळमजल्यावरची वर्गखोली आणि एक उंच स्टूल, हा तिसरा.

मात्र दांडा कुठे हवा, हे ज्याचा हात दुखतो त्यालाच नेमकं ठाऊक असतं. म्हणून आधी त्याला विचारावं. मामांनीही मला कुलपाशी झगडताना रोज पाहिलं होतं, आणि खिळा घातल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आता बरोबर आहे का, की आणखी लांब पाहिजे?"

डोरोथी हॉजकिन १९९३ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बीजिंगला स्फटिकशास्त्राच्या जागतिक परिषदेला चाकांच्या खुर्चीतून गेल्या होत्या. २९ जुलै १९९४ रोजी त्यांचं निधन झालं. हेन्री मूर या शिल्पकारानं १९७८ साली त्यांच्या हातांची चित्रं काढली आहेत. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला कललेली. हात बरे झाले नव्हते. तरी पेनिसिलिन, बी-१२ आणि इन्शुलिन या तिन्हींची रचना याच हातांच्या कामातून उलगडली.

माझी प्रात्यक्षिकं दोन वर्षांनी दहानंतर लागली. नवीन वेळापत्रक करणाऱ्या सरांनी एका सहकाऱ्याची आणि माझी तुकडी आपसात बदलली, एवढंच. कुणाचंही काम वाढलं नाही. ते आधीच का झालं नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कुलूप पुढे बदललं. खिळा अडकवलेली ती किल्ली मी मागून घेतली. अकरावीला तरफ आणि बल यांची उजळणी निघाली, की ती वर्गात सगळ्यांच्या हातांतून फिरते.